एका घराची दोन गिऱ्हाइकं

मिस्त्रींना सगळे मिस्त्री म्हणत, पण त्यांनी आयुष्यात कोणाचं दार बसवलं नव्हतं की कोणाची खाट ठोकली नव्हती. ओतकामाच्या कारखान्यात एकोणचाळीस वर्षं ते लाकडी साचे करत होते. पंपाचं, चाकाचं, गिअरच्या पेटीचं हुबेहूब लाकडी रूप आधी करायचं, ते वाळूत दाबून काढायचं आणि मागे उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, असा तो प्रकार. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा मापापेक्षा केसभर मोठा ठेवावा लागतो. तो केस केवढा, हे मिस्त्रींच्या बोटांत बसलं होतं. लोखंड गाड्या भरून कुठे कुठे निघून जायचं, साचा मात्र कारखान्याच्या माळ्यावर धूळ खात पडायचा.

तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची थोरली बहीण अक्का, अशी दोघंच राहायची. अक्का लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन परत आली होती, आणि मिस्त्रींचं लग्न ‘बघू, बघू’ करता करता राहूनच गेलं. दोघांचं बोलणं म्हणजे ‘मीठ संपलंय’, ‘किल्ली घेतली का’, एवढंच. पण शेजारच्या खोलीत कोणीतरी खोकतंय, एवढ्यावरही माणसाचं निभावून जातं. मग अक्का गेली, आणि ते खोकणंही थांबलं.

पहिले काही महिने त्यांना हातांचं काय करावं तेच कळेना. मग एकदा वायरमन मीटरची पेटी दुरुस्त करायला आला आणि पेटीमागे चिमणीनं केलेलं घरटं त्यानं काडी काडी ओढून खाली टाकलं. चिमणी दोन दिवस तारेवर बसून ओरडत होती. मिस्त्रींनी गल्लीतल्या दुकानानं फेकून दिलेली देवदाराची खोकी उचलून आणली, माळ्यावरची हत्यारांची पेटी काढली आणि एक घर ठोकलं. चिमणीनं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग दुसरं केलं, मग तिसरं. भोक बत्तीस मिलिमीटरचं हवं, त्याहून मोठं झालं की साळुंकी घुसते. भोकाखाली दांडी नको; माणसांना ती शोभेची वाटते, पण तिच्यावर बसून कावळा आरामात पिल्लं ओढतो. आतल्या भिंतीला रंधा मारायचा नाही, गुळगुळीत भिंतीवरून पिल्लांना वर चढता येत नाही. हे सगळं चुकत चुकत कळायला त्यांना दोन वर्षं लागली.

कोपऱ्यावर रोपवाटिका होती. तिच्या मालकिणीला सगळी गल्ली नर्सरीवाली म्हणायची. ती मिस्त्रींच्या पेट्या कुंड्यांच्या मधे टांगून विकायची. साध्या पेट्यांचा कंटाळा आला म्हणून एकदा मिस्त्रींनी उतरतं कौलारू छप्पर केलं, पुढे पडवी काढली, पडवीला काडीएवढे खांब दिले. नर्सरीवालीनं ते दारात लावलं आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ त्याच्यापुढे उभे राहून डोळे पुसायला लागले. आमचं गावाकडचं घर अस्संच होतं हो, म्हणाले. झालं. तेव्हापासून लोक जुने पिवळे पडलेले फोटो घेऊन मिस्त्रींचं दार वाजवू लागले.

मिस्त्रींचं स्वतःचं असं घर कधी नव्हतंच. त्यांचा जन्म कारखान्याच्या वसाहतीतला, नंबर घातलेल्या एकसारख्या खोल्यांपैकी एकीतला. कोणी ‘आमचं घर’ म्हणून सांगायला लागलं की ते, आपल्याला आमंत्रण नसलेल्या लग्नाची हकिगत ऐकावी, तसं ऐकून घेत. मग दार बंद करून कामाला लागत.

ऑपरेटरबाई पहिल्यांदा आल्या तो गुरुवार होता. उंच, ताठ बाई, केस आखूड कापलेले, सत्तरीला टेकलेल्या. टेलिफोन ऑफिसात बत्तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिलेले, त्यामुळे आवाज असा स्वच्छ की कानात शब्द ठेवून जावा. फोटो आणलाय का, असं मिस्त्रींनी विचारलं.

“फोटो नाही. घरही नाही, तिथे आता गोदाम झालंय. पण मला सगळं आठवतं. आयुष्यभर दुसऱ्यांना ‘बोला’ म्हणत आले, आता माझी पाळी. बोलू?”

मिस्त्रींनी कागद पुढे ओढला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

बाई बोलत गेल्या. दगडी जोतं, त्याला सहा पायऱ्या. पायऱ्या चढल्या की पडवी, पडवीला चार खांब, त्यातले तीन लाकडी आणि चौथा दगडी. लाकडं भरलेली गाडी मागे घेताना आदळली आणि चौथा खांब मोडला. वडिलांनी त्याच्या जागी दगडी खांब उभा केला तो कायमचा. निळं दार. दाराची वरची झडप वेगळी उघडायची, तिच्यावर हनुवटी टेकून त्या रस्ता बघत उभ्या राहायच्या. आणि घराच्या मागच्या अंगाला एक खोली, तिला खिडकी, खिडकीत झाड. त्या खोलीत त्यांनी अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि अठराव्या वर्षी तिथूनच बॅग भरून नोकरीला निघाल्या.

“मागच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा,” त्या म्हणाल्या.

तसं करता येत नाही, असं मिस्त्रींनी समजावलं. पाखराच्या घराला एकच भोक. दुसरं ठेवलं की आत वारा खेळतो आणि चिमणी त्या घरात राहत नाही. म्हणून त्यांच्या सगळ्या खिडक्या खोट्या असत. लाकूड थोडं कोरायचं आणि आत काळा रंग द्यायचा.

“मग खोटी करा. पण उघडी दिसू दे.”

आधी कागदावर, मग पुठ्ठ्यात, मग लाकडात, अशी मिस्त्रींची रीत होती. प्रत्येक पायरीला गिऱ्हाइकानं येऊन बघून जायचं. बाई दर गुरुवारी चारला येऊ लागल्या. एकदा छपराचा उतार चुकला, एकदा दाराचा निळा रंग फार भडक झाला. मिस्त्री बुधवारी संध्याकाळी केर काढू लागले, गुरुवारी सकाळी दाढी करू लागले. स्टुलावर कायम पडलेले लाकडाचे तुकडे उचलून त्यांनी ते रिकामं केलं. चहाबरोबर बिस्किटं असू लागली. दोन आठवड्यांचं काम चौथ्या आठवड्यात गेलं, तरी बाईंनी घाई केली नाही आणि मिस्त्रींनीही केली नाही. खरं सांगायचं तर एकदा नीट बसलेली कौलांची एक अख्खी ओळ त्यांनी काढून पुन्हा बसवली, आणि ती का काढली, हे स्वतःलाही विचारलं नाही.

मागेपुढे कोणी आहे का, असं मिस्त्रींनी एकदा भीत भीत विचारलं. मी एकटीच, असं बाई म्हणाल्या. मग जरा वेळानं घराचा शेवट सांगितला. वडील गेल्याचं कळलं तेव्हा त्या दूरच्या शहरात होत्या, तीन वर्षं घरी येणं झालं नव्हतं. दिवसकार्य उरकून परत गेल्या आणि पुढच्या रजेत पुन्हा आल्या, तर पडवीत कोणाच्या तरी बाळाचे कपडे वाळत पडलेले. एक परकी बाई बाहेर आली आणि ‘कोण पाहिजे?’ म्हणाली. घर विकलं गेलं होतं.

“कोणी विकलं?”

“होता एक,” बाई म्हणाल्या, आणि बिस्कीट चहात बुडवून खाऊ लागल्या.

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी दुसरं गिऱ्हाईक आलं. वेळ एवढी नेमकी ठाऊक असण्याचं कारण असं की गिऱ्हाइकानंच ती सांगितली. बसच्या आगारात टाइमकीपर होते ते, निवृत्त झाले तरी मनगटावरचं घड्याळ पाहिल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. बुटके, गोल चेहऱ्याचे, सारखे घाम पुसणारे. नर्सरीवालीकडून पत्ता मिळाला, म्हणाले. एका उंच इमारतीत आठव्या मजल्यावर एकटेच राहतात, बायको जाऊन सहा वर्षं झाली, गॅलरीत चिमण्या येतात. फोटो नाही.

मिस्त्रींनी कागद ओढला. टाइमकीपर सांगू लागले, दगडी जोतं, पाच पायऱ्या, पडवी, चार खांब.

“चौथा दगडी करा,” ते म्हणाले. “गाडी आदळून मोडला होता.”

मिस्त्रींची पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं. आता पाहिल्यावर कपाळ तेच वाटलं, बोलताना डावी भुवई उचलायची लकबही तीच. बाईंचं अर्धं झालेलं घर तिथेच मागे, जुन्या टॉवेलखाली झाकलेलं होतं.

“भावंडं?” त्यांनी विचारलं.

“एक ताई होती.”

“होती?”

“आहे. बोलणं नाही. एकतीस वर्षं झाली.” टाइमकीपरांनी सवयीनं घड्याळ पाहिलं. “एवढंसं करून द्या, मिस्त्री. हातात मावेल असं. ते घर मला फार मोठं पडलं.”

मागच्या बाजूला काय होतं, असं मिस्त्रींनी विचारलं. काही नव्हतं, टाइमकीपर म्हणाले, सरळ भिंत करा.

त्याच वेळी टॉवेल काढायला हवा होता, हे मिस्त्रींना कळत होतं. पण ते पेन्सिलीला टोक काढत बसले. पुढल्या शनिवारी सांगू, असं त्यांनी ठरवलं. पुढल्या शनिवारी टाइमकीपर गरम वडे घेऊन आले, बसगाड्यांचे किस्से सांगितले. एका ड्रायव्हरनं झोपेत भलत्याच गावाला बस नेली आणि पन्नास उतारूंपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही, हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. मिस्त्रीही इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते गेल्यावर खोलीत तेलकट कागदाचा वास दिवसभर राहिला. सांगायचं राहून गेलं. मग ते रोजच राहून जाऊ लागलं.

अशा रीतीनं पाच आठवडे गेले. गुरुवारी बाई, शनिवारी टाइमकीपर. बाईंचं घर टॉवेलखाली असे तेव्हा टाइमकीपरांचं बाहेर, आणि टाइमकीपरांचं खाटेखाली जाई तेव्हा बाईंचं वर. मधल्या शुक्रवारी मिस्त्री दोन्ही घरं शेजारी शेजारी मांडून बघत. सहा पायऱ्या आणि पाच पायऱ्या. एकाला मागची खोली, एकाला सपाट भिंत. दोघांपैकी कोणी कधी बोलता बोलता दुसऱ्याचा विषय काढला की मिस्त्री उगाच लाकडावरचा भुसा झटकत. बाई म्हणाल्या, आमच्याकडे एक लबाड होता, गूळ खाऊन मांजराचं नाव सांगायचा. टाइमकीपर म्हणाले, ताईनं मला पोहायला शिकवलं, म्हणजे विहिरीत ढकलून दिलं. मिस्त्री दोन्हीकडे मान डोलवत राहिले. अक्का गेल्यापासून एवढे बरे दिवस त्यांना आले नव्हते, आणि ते चोरीचे आहेत, हेही त्यांना ठाऊक होतं.

सहाव्या शनिवारी टाइमकीपर रिकाम्या हातानं आले. त्यांचं घर जवळजवळ झालं होतं. ते त्यांनी हातात घेतलं, फिरवलं, आणि मागच्या सपाट भिंतीवर अंगठा घासत बसले.

“इथे खोली होती,” ते म्हणाले.

मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली.

“बाबा शेवटी शेवटी कुठेही चालत सुटायचे. एकदा नदीत सापडले, एकदा दुसऱ्याच गावात. माणूस ठेवला तर टिकायचा नाही, चावायचे ते. मला आगारात जायला लागायचं. मग मागच्या खोलीला बाहेरून कडी लावून जायला लागलो. तर ते खिडकीतून बाहेर पडले. मग खिडकीला फळ्या मारल्या. मीच मारल्या, ह्या हातांनी.” त्यांनी घर खाली ठेवलं. “सहा वीसला परत यायचो. पायऱ्यांपर्यंत आलो की आतून फळ्यांवर बोटं वाजत असलेली ऐकू यायची. दोन वर्षं चार महिने. ते गेले त्या रात्रीच, ताई यायच्या आत, फळ्या काढून टाकल्या. पण मला त्या घरात एक रात्र काढवेना. ताईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, थांब. म्हणून विचारलं नाही, विकून टाकलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मिस्त्री. बायकोलाही नाही.”

मिस्त्रींनी पाण्याचा पेला पुढे केला. टाइमकीपर पाणी प्यायले, वेळ पाहिली आणि निघून गेले. मिस्त्री मात्र तिथेच बसून राहिले. पोस्टमननं चुकून आपल्या घरात टाकलेलं दुसऱ्याचं पत्र आपण फोडून वाचलं, तसं त्यांना वाटत होतं. हे बोलणं ज्या कानांसाठी होतं ते कान दर गुरुवारी इथेच, याच स्टुलावर येऊन बसत होते, आणि मिस्त्री मधे बसून दोन्हीकडून चहाबिस्किटं खात होते.

पुढल्या शनिवारी टाइमकीपर आल्या आल्या त्यांनी टॉवेल काढला.

टाइमकीपर बराच वेळ बघत राहिले. सहा पायऱ्या, दगडी खांब, निळ्या दाराची वेगळी झडप. मग वाकून मागची बाजू पाहिली. खिडकीच्या काळ्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

“ताई?”

“गुरुवारी येतात. चार वाजता.”

टाइमकीपरांनी घड्याळ पाहिलं नाही. स्वतःच्या घराकडेही पाहिलं नाही. चपला घातल्या आणि गेले.

गुरुवारी मिस्त्रींनी बाईंना सांगितलं. वडिलांचं आणि खिडकीचं त्यांनी सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क त्यांचा नव्हता. एवढंच म्हणाले, की तुमचे भाऊ येतात, याच घरासाठी येतात. हातातला कप त्यांनी बशीत ठेवला तेव्हा आवाजही झाला नाही.

“किती आठवडे माहीत आहे तुम्हाला?”

“सहा.”

“आणि सहा आठवडे तुम्ही मला चहा पाजत राहिलात.”

बाई उठल्या, पर्स घेतली, दारात क्षणभर थांबल्या. मिस्त्रींना वाटलं, काहीतरी बोलतील. त्या उंबऱ्याकडे बघून उतरल्या.

मग एक शनिवार रिकामा गेला, एक गुरुवार रिकामा गेला, आणखी एक शनिवार गेला. दोन्ही घरं फळीवर शेजारी शेजारी तयार होऊन बसली होती. आता झाकायचं कारण उरलं नव्हतं. मिस्त्रींनी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम हातात घेतलं, पण करवत रेषेवरून सुटायला लागली, म्हणून ठेवून दिलं. ‘तुमचे गुरुवारचे पाहुणे दिसत नाहीत’, असं नर्सरीवालीनं कुंड्यांना पाणी घालता घालता विचारलं, तेव्हा त्यांनी बाई गावाला गेल्यात, अशी थाप मारली. बिस्किटांचा उघडा पुडा सादळला. तो त्यांनी एकट्यानं संपवला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना टाइमकीपर आले. स्टुलावर बसले. “मागची खोली करायची,” म्हणाले.

झालेल्या घराला खोली जोडणं सोपं नसतं. मिस्त्रींनी मागची भिंत सोडवली, नव्या तीन भिंती कापल्या, सांधे बसवले. टाइमकीपर पक्कड धरायला, गोंदाची बाटली द्यायला मदत करत होते. कान दाराकडे होते. चार वाजले, पाच वाजले, बाई आल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी छप्पर चढलं. खिडकी कोरून काळी केली. मग टाइमकीपरांनी काडेपेटीच्या काडीएवढ्या तीन पट्ट्या मागून घेतल्या, आणि हातोडीही मागितली. पट्ट्या मिस्त्रींना बसवू दिल्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून, जीभ दातांत धरून, एकेक बारीक खिळा ते स्वतः ठोकत होते. दुसरी पट्टी झाली आणि दारात सावली पडली.

बाई आत आल्या. मी माझं घर न्यायला आलेय, असं त्या मिस्त्रींना म्हणाल्या, भावाकडे न बघता. मिस्त्री फळीवरून घर काढायला उठले. बाईंची नजर तेवढ्यात टेबलावर गेली.

“ह्या फळ्या कसल्या?”

टाइमकीपरांच्या हातात हातोडी तशीच होती. मग मान खाली घालून त्यांनी सांगितलं. मिस्त्रींना सांगितलं होतं त्याहून थोडक्यात सांगितलं, आगाराचं वेळापत्रक वाचून दाखवावं तसं. कडी, खिडकी, फळ्या, सहा वीस. बाई उभ्याच होत्या. बोटं वाजायची तिथपर्यंत आल्यावर त्यांनी मागे हात नेऊन स्टूल चाचपलं आणि बसल्या.

“मला कळवायचं होतंस, बारक्या.”

“कळवून काय केलं असतंस?”

“आले असते.”

“म्हणून नाही कळवलं. तू तेवढी सुटली होतीस, ताई. दोघं कशाला अडकायचं?”

बाईंनी ते घर मांडीवर घेतलं. खिडकीवरच्या दोन पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मिस्त्री पुढे झाले, नको असतील तर काढून टाकतो, लाकडाला काही होणार नाही, म्हणाले.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “होत्या ना? मग राहू द्या. तिसरी मार रे.”

टाइमकीपरांनी तिसरी पट्टी मारली. खिळा दोनदा वाकला.

मिस्त्री चहा टाकायला आत गेले. गॅसपाशी उभं राहून ते ऐकत होते. मग बाईंचा आवाज आला, “पाच कुठल्या? सहा पायऱ्या होत्या.” “पाच. मी बत्तीस वर्षं चढलोय.” “सर्वांत खालची मातीत गेली होती, ती तू मोजतच नव्हतास.” “जी दिसत नाही ती पायरी कशी मोजायची?” चहा उकळून वर आला. तीन कप घेऊन मिस्त्री बाहेर आले, तर दोघं दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसली होती. पायऱ्यांवरून गोष्ट विहिरीवर गेली होती, विहिरीवरून कुठल्याशा एकाक्ष म्हशीवर, म्हशीवरून ज्यांची नावं मिस्त्रींनी कधी ऐकली नव्हती अशा माणसांवर. दोघांनी कप घेतले आणि बोलत राहिले. बाई मधेच रडत होत्या, मधेच भावाच्या दंडावर चापट मारत होत्या. मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून चहा प्यायले. मग आत जाऊन त्यांनी दोन्ही घरं कागदात गुंडाळून सुतळीनं बांधली.

जाताना बाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. टाइमकीपर म्हणाले, तुमचे उपकार फेडायचे कसे? येत राहू, असं दोघंही म्हणाले. रिक्षात एकेकाच्या मांडीवर एकेक घर होतं. वळणापर्यंत मिस्त्री बघत उभे होते. दोघांपैकी कोणी मागे वळलं नाही. बोलणं चालू होतं.

एकदा दोघं आली, घर गॅलरीत कुठल्या दिशेला लावावं हे विचारायला. दहा मिनिटं थांबली, रिक्षा उभी होती. मग महिनाभर आली नाहीत. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकतीस वर्षांचं बोलणं साठलेलं, त्यातून तिसऱ्या माणसाकडे जायला वेळ कुठून मिळणार? मिस्त्री स्वतःला असं समजावत आणि ते त्यांना पटतही असे. पण गुरुवारी चारच्या सुमाराला रंधा हातातच थांबायचा.

उन्हाळा सरता सरता नर्सरीवालीनं निरोप आणला, की बाई आपली खोली सोडून भावाकडे राहायला गेल्यात आणि रविवारी मिस्त्रींना जेवायला बोलावलंय. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट घातला. बसनं गेले. आठव्या मजल्यावरची जागा टापटीप होती, गॅलरीत दोन्ही घरं भिंतीला शेजारी शेजारी लावली होती. फळ्या मारलेल्या खिडकीच्या घरात चिमणीनं संसार मांडला होता. गवताचं एक पातं दारातून लोंबत होतं. बाईंचं घर अजून रिकामं होतं, आणि त्यावरून भाऊ बहिणीला चिडवत होता.

जेवण छान होतं. दोघांनी आग्रह कर करून वाढलं. बोलणं मात्र सगळं तिकडचं. कोण कोणाच्या लग्नात रुसून बसलं, मास्तरांची छत्री कोणी लपवली. मिस्त्री हसायच्या जागी हसत होते. मग जेवता जेवता माळ्याच्या शिडीवरून दोघांची जुंपली. दारातून आत गेल्यावर शिडी उजव्या हाताला होती, टाइमकीपर म्हणत होते. बाई म्हणत होत्या, डाव्या. कोणी माघार घेईना. शेवटी दोघांनी एकाच वेळी मिस्त्रींकडे तोंड केलं.

“तुम्ही सांगा, मिस्त्री.”

त्या घराच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण छपराचा उतार, दाराची जागा, मागच्या खोलीची भिंत, सगळी मापं त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी घास गिळला आणि जरा विचार केला.

“डाव्या,” ते म्हणाले. “उजवीकडे ठेवली तर दाराची झडप तिच्यावर आपटेल.”

“बघ,” बाई म्हणाल्या. टाइमकीपरांनी मान्य केलं, हो की, झडप विसरलोच, म्हणाले, आणि गोष्ट पुढे सरकली.

चारच्या बसनं मिस्त्री परत निघाले. खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुटली तसे ते मनातल्या मनात सहा पायऱ्या चढले, दगडी खांबाला हात लावला, झडप ढकलून आत गेले आणि डाव्या हाताच्या शिडीनं माळ्यावर चढले. वर अंधार असेल, धूळ असेल. आणखी काय असेल, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. विचारायला हवं होतं, असं त्यांना वाटलं. आपला थांबा मागे पडल्याचं कंडक्टरनं सांगितलं, तेव्हा ते गडबडीनं उठले, पुढच्या थांब्यावर उतरले आणि उन्हातून उलट चालत घरी आले.